डेलियाचा उन्हाळा

सध्या आमच्या बागेत डेलियाचं एकही पान नाही. मे महिन्याचा दुसरा आठवडा चाललाय, दुपारी पुण्यात रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. घराच्या मागच्या बोळात, जिथे दिवसभरात उन्हाची तिरीपसुद्धा येत नाही, तिथे एका मोठ्या मातीच्या कुंडीत मी माठ ठेवलाय. माठाच्या तोंडावर जाळी, जाळीवर दुहेरी गोणपाट. आत दहा कंद झोपलेत. सकाळी दूध तापवायच्या आधी एकदा आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर एकदा, कुंडी आणि माठ यांच्या मधल्या वाळूत मी एकेक तांब्या पाणी ओतते.

जानेवारीतलं ताटाएवढं फूल सगळ्यांना दिसतं. येणारेजाणारे फाटकाशी थांबतात, फोटो काढतात. पण ते फूल यायचं की नाही हे या बोळात, आत्ता ठरतंय. मला हे उमजायला चार उन्हाळे लागले. माझ्या हातात जे होतं ते कुठल्याही रोपवाटिकेत विकत मिळणारं नव्हतं, म्हणून प्रत्येक चूक मला फार जड गेली. कुणाच्या घरी असा एखादा जुना कंद असेल तर त्यांना उपयोग होईल, म्हणून सगळं तपशीलवार लिहिते.

माझी आत्या पाचगणीला राहायची. घरापुढे उतार, तांबडी भुसभुशीत माती, आणि पडवीच्या कडेनं डेलियाची रांग. वळवाचा पाऊस पडून गेला की त्या मातीतून करंगळीएवढे जाड, काळपट जांभळे कोंब वर यायचे. गणपतीत आम्ही गेलो की फुलं सुरू झालेली असायची. गर्द जांभळी, पाकळीच्या टोकाला किंचित उजळ, आणि इतकी जड की देठ काठीला बांधला नाही तर फूल जमिनीला टेकायचं. वास अजिबात नाही. आत्या गौरीपुढे पितळी तांब्यात एकच फूल ठेवायची, दुसऱ्या फुलाला जागाच उरायची नाही. जातीचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या सासूबाईंनी लावलेला म्हणून घरात त्याला "आजींचा जांभळा" म्हणत. "याचं काय काय करतेस गं?" असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "मी कसलं करतेय? फुलं सरली की वरचं वाळतं, मी कापून टाकते. ते आपलं आपण झोपतं, आपलं आपण उठतं."

पाच वर्षांपूर्वी तिला एकटीनं राहणं जमेना. ती ठाण्याला मुलाकडे गेली, घर दुसऱ्यांकडे गेलं, अंगणात फरशी बसणार हे ठरलेलं होतं. मार्च महिन्यात आम्ही सामान आवरायला गेलो तेव्हा ती खुरपी घेऊन बाहेर बसली, आणि संध्याकाळपर्यंत कंदांचे तीन गड्डे उकरून तांदळाच्या पिशवीत भरले. "भांडीकुंडी कुणाला काय हवं ते न्या," ती म्हणाली, "ही पिशवी मात्र हिच्याकडे जाऊ दे."

मी घरी आल्या आल्या ते तिन्ही गड्डे लावून टाकले. उत्साहाच्या भरात बागेतलीच काळी माती कुंड्यांत भरली, वर शेणखत घातलं, रोज पाणी. एप्रिलमध्ये कोंब आले तेव्हा मला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. मेमध्ये ते कोंब उन्हानं करपले. आठ दिवसांत पानं कडेनं तपकिरी झाली, शेंडे माना टाकून बसले. मी पाणी वाढवलं. मग पाऊस लागला. जुलैत एका कुंडीतून आंबूस वास यायला लागला म्हणून माती उकरली, तर बोट सरळ कंदात गेलं, अतिपिकल्या केळ्यात जावं तसं. दुसरी कुंडीही तशीच. तिसरी कुंडी आधीच जागा नाही म्हणून जिन्याखाली सरकवलेली होती, तिच्यावर पाऊस पडला नाही. तिच्यातला गड्डा तेवढा वाचला. जुलैच्या त्या दिवशी मी आत्याला फोन केला नाही. करवलाच नाही.

त्या हिवाळ्यात त्या एका झाडाला फूल आलं, जेमतेम ६ इंचांचं. रंग मात्र तोच.

मध्यंतरी घाबरून मी एका विक्रेत्याकडून पाच कंद मागवले, म्हटलं आधी दुसऱ्या झाडांवर हात बसू दे. गुळगुळीत, भरलेले, दिसायला अगदी ताजे कंद आले. महिनाभर वाट पाहिली, एकालाही कोंब नाही. पैसे परत मिळाले नाहीत, पण एक गोष्ट त्या पाच कंदांनी शिकवली. डेलियाचा कंद दिसतो रताळ्यासारखा, म्हणून आपण धरून चालतो की बटाट्यासारखा तो कुठूनही फुटेल. तसं नसतं. डोळा कंदाच्या अंगावर नसतोच. जुन्या खोडाचा बुंधा आणि कंदाची मान जिथे जुळते त्या चिंचोळ्या पट्ट्यात डोळे असतात, मोहरीएवढे, गुलाबीसर, नखानं चाचपले तर किंचित वर आलेले. कंद कितीही जाडजूड असला तरी त्याच्यासोबत बुंध्याचा तो तुकडा नसेल, किंवा मान मुरगळलेली असेल, तर तो वर्षभर मातीत ताजा राहील आणि कधीही फुटणार नाही. माझ्याकडे आलेले पाचही कंद मानेपाशी मोडून काढलेले होते. तेव्हापासून मी घेताना कंदाचा आकार बघतच नाही, मान बघते.

ऑक्टोबरात उरुळी कांचनच्या बाजूला गेलो होतो, तिथे सोलापूर रस्त्याला रोपवाटिकांची रांगच आहे. तिथून पिवळ्या डेलियाची मुळं धरलेली चार रोपं आणली, फाटे, म्हणजे कोंबाचे तुकडे, लावून केलेली. चिठ्ठीवर 'केल्विन फ्लडलाइट' लिहिलेलं होतं. मोठ्या फुलांच्या डेलियात ही जुनी आणि भरवशाची जात. पुण्याच्या हवेत ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत डेलियाचं फार सुरेख चालतं. रात्री गार, दिवसा कोवळं ऊन, हवा कोरडी. हिवाळ्याचं काम मी या पिवळ्यांवर शिकले.

माती आता मी काळी वापरत नाही. दोन घमेली तांबडी पोयट्याची माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, एक घमेलं जाड वाळू, त्यात दोन ओंजळी निंबोळी पेंड आणि एक ओंजळ हाडांचा चुरा. कुंडी १२ इंची, तळाला विटांचे तुकडे. रोप लावायच्या आधी बांबूची काठी रोवायची, नंतर रोवली तर ती मुळांतून जाते. भुईमुगाची पेंड आठवडाभर पाण्यात भिजवून, कोऱ्या चहाच्या रंगाइतकी पातळ करून दर दहा दिवसांनी देते. वास भयंकर येतो, शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवते. कळी दिसली की पेंड बंद. त्यानंतर नत्र दिलं तर देठ पोकळ आणि मऊ होतो, फूल पेलत नाही, आणि पुढे कंदही टिकत नाहीत. कळीनंतर फक्त पालाश, ००:००:५० हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला दोन ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

फूल मोठं करण्याचं खरं तंत्र मला पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात कळलं. दरवर्षी जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास ते भरतं. तिथे कुंड्यांच्या रांगेत एका झाडाला एकच फूल, असे डेलिया मांडलेले होते. मोजपट्टी लावली तर १० इंचांच्या वर जाणारी, म्हणजे डेलियावाले ज्याला महाकाय गटात धरतात तशी फुलं. मी तिथे बराच वेळ रेंगाळतेय हे पाहून एक वयस्कर माळीकाका जवळ आले. मी माझ्या झाडाचा फोटो दाखवला. चार फांद्या, प्रत्येकीवर तीन-तीन कळ्या. ते म्हणाले, "ताई, बारा लेकरांना एका भाकरीत जेवायला घालताय. हिला एकच ठेवा." आणि तिथेच, एका रोपावर, कसं करायचं ते त्यांनी दाखवलं.

फांदीच्या टोकाला डेलियाच्या कळ्या तिनाच्या तिनं येतात. मधली मोठी, दोन बाजूच्या लहान. बाजूच्या कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की काढायच्या. त्याआधी काढायला गेलं तर मधलीला नख लागतं, उशीर केला तर तिच्या वाटचं त्या खाऊन बसलेल्या असतात. डाव्या हाताच्या दोन बोटांत मुख्य देठ धरायचा, उजव्या अंगठ्यानं बाजूची कळी बाहेरच्या अंगाला लोटायची. ओढायची नाही, लोटायची. टिक् असा बारीक आवाज होतो आणि ती तळाशी स्वच्छ सुटते, नखाला हिरवट ओल लागते. मग त्याखालच्या दोन-तीन जोडपानांच्या बेचक्यातले फुटवेही तसेच काढायचे. अगदी खालचे फुटवे ठेवायचे, झाडाचा जीव त्यांच्यावर चालतो. पहिल्यांदा हे करताना मला वाईट वाटलं होतं, अकरा कळ्या ओंजळीत घेऊन मी पायरीवर बसले होते. तीन आठवड्यांनी उरलेल्या एका कळीनं ते वाईट वाटणं पार पुसून टाकलं.

ते उमलणं एकदा नीट बघावं. कळीवरची कातडी फाटते तेव्हा आत पाकळ्या विड्यासारख्या घट्ट गुंडाळलेल्या दिसतात. बाहेरच्या ओळीपासून एकेक ओळ सुटत जाते आणि देठाकडे मागे वळते. पहिल्या ओळी पार मागे जाऊन देठाला टेकल्या, तरी मधला भाग हिरवट, मिटलेलाच असतो. पूर्ण उमलायला माझ्याकडे दहाबारा दिवस लागतात. या दिवसांत फुलावर पाण्याचा थेंब पडू देत नाही. पाकळ्यांच्या बेचक्यात पाणी साचलं की तपकिरी डाग पडतात.

पिवळी झाडं शिकवत होती, आणि जांभळ्याचा दुसरा उन्हाळा माझ्या हातून पुन्हा चुकला. पहिल्या वर्षी कंद ओल्यानं गेले म्हणून या वेळी मी उलट्या टोकाला गेले. मार्चमध्ये गड्डा काढला, धुतला, गच्चीवर उन्हात चांगला दोन दिवस वाळवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला. पत्र्याच्या खालचा माळा. जूनमध्ये उघडलं तर पाच बोटांपैकी चार खारकेसारखी झालेली, दाबली तर आत काही नाही, नुसतं साल. पाचवं बोट सुरकुतलेलं पण अजून लवचीक होतं, आणि त्याच्या मानेपाशी एक डोळा. आत्याच्या अंगणातलं आता तेवढंच उरलं होतं, माझ्या मधल्या बोटाएवढं.

मी ते ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात ठेवलं आणि रोज बघत बसले. सप्टेंबरात कोंब आला.

त्या दिवसांत मी डेलियाबद्दल मिळेल ते वाचलं. हे झाड मूळचं मेक्सिकोच्या डोंगराळ पठारांवरचं. १९६३ साली मेक्सिकोनं त्याला राष्ट्रीय फूल ठरवलं. तिथून अठराव्या शतकाच्या अखेरीस ते स्पेनला गेलं, आणि १७९१ मध्ये माद्रिदच्या शाही वनस्पती उद्यानात काव्हानिय्येस या स्पॅनिश वनस्पतीशास्त्रज्ञानं आंद्रेआस डाल या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं. आपल्याकडे रामकृष्ण मिशनचे स्वामी विनयानंद यांनी डेलियाच्या कितीतरी नव्या जाती तयार केल्या. हे सगळं मला आवडलंच, पण माझ्या कामाची गोष्ट त्या पठारांची होती. तिथे पाऊस उन्हाळ्यात पडतो, तेव्हा झाड वाढतं आणि फुलतं. मग कोरडा, थंड हिवाळा येतो, तेव्हा ते झोपतं. झोपेत त्याला गारवा हवा असतो. पाचगणीच्या उंचीवर आत्याच्या अंगणात त्याला जवळपास तेच मिळत होतं, म्हणून ते आपलं आपण झोपत आणि उठत होतं. पुण्यात मी त्याला हिवाळ्यात फुलवते, आणि त्याच्या झोपेची वेळ येते ती नेमकी एप्रिल-मेच्या काहिलीत. म्हणजे फुलवण्यात माझं फार कर्तृत्व नव्हतंच, पुण्याची थंडी ते करून देते. झोपवणं माझ्यावर होतं. पहिल्या वर्षी मी त्याला झोपू दिलं नाही, दुसऱ्या वर्षी भट्टीत झोपवलं.

उपाय सापडला सासवडला. माझ्या दिरांची तिकडे शेती आहे, अंजीर आणि थोडी भाजी. भाजी बाजारात जाईपर्यंत ताजी राहावी म्हणून त्यांनी विटांचा हौद केलाय, दुहेरी भिंतींचा. दोन भिंतींच्या मधे वाळू, वाळूवर दिवसातून दोनदा पाणी. पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं काढलेली ही पद्धत, शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणतात. एप्रिलच्या भर दुपारी मी त्यात हात घातला आणि मला एकदम माझा कंद आठवला. घरी येऊन त्याचीच लहान प्रत केली. बाहेर मोठी मातीची कुंडी, आत बिनतोटीचा जुना माठ, मधल्या चार बोटांच्या फटीत वाळू. माठात कोरडं कोकोपीट. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातला तापमापक आत सोडला. बाहेर बोळात ३८ अंश होतं, माठात २६. आतली हवाही किंचित दमट राहते, त्यामुळे कंद सुकत नाही, आणि कोकोपीट कोरडं असल्यामुळे कुजत नाही.

कंद काढण्याची रीतही आता बदलली. फूल सरलं म्हणून झाड लगेच उपटायचं नाही. डिसेंबरमध्ये पुण्यात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, आणि दिवस लहान झाले की डेलिया जमिनीखाली कंद भरायला घेतो. फूल कापल्यावर पुढचे पाच-सहा आठवडे पानं हिरवी ठेवली, तर कंद पोसतात. मी पाणी हळूहळू तोडते. या दिवसांत, फेब्रुवारी-मार्चच्या तापत्या हवेत, पानांच्या मागे लाल कोळी नावाची बारीक कीड येते. पानं फिकट, धुळकट दिसायला लागली की समजावं. पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरात फवारा आणि निंबोळी अर्क, एवढ्यावर माझं भागतं. पानं पिवळी पडली की खोड चार इंचांवर कापते. डेलियाचं खोड पोकळ असतं, कापल्यावर नळीत पाणी साचून थेट बुंध्यात, म्हणजे डोळ्यांपाशी उतरतं. म्हणून गड्डा उकरला की तो आठवडाभर सावलीत उलटा ठेवायचा, खोड खाली. माती हातानं झाडायची, धुवायची नाही. मोडलेल्या जागी गंधकाची भुकटी लावायची आणि मग माठात.

तिसऱ्या उन्हाळ्यात कंद तगला. मी एकच घोटाळा केला. जून लागला, पाऊस सुरू झाला, हवाच दमट झाली, तरी सवयीनं वाळूत पाणी घालत राहिले. एका सकाळी बुंध्यावर पांढरी बुरशी दिसली. वेळेत दिसली म्हणून निभावलं. आता पहिला मोठा पाऊस झाला की वाळूचं पाणी बंद, आणि गोणपाट काढून नुसती जाळी.

ऑगस्टमध्ये त्याच्यावर सहा कोंब आले. तीन इंचांचे झाल्यावर चार कोंब पेराच्या खाली धारदार पात्यानं कापले, खालची पानं काढली, मुळं फुटायची पावडर लावली आणि ओल्या वाळूत खोचले. पागोळीच्या आत, जिथे उजेड आहे पण पाऊस नाही. अठराव्या दिवशी एक हलकेच ओढून पाहिला. ओढला जाईना! मी तिथेच मटकन खाली बसले. चारांतले तीन लागले. एका बोटाएवढ्या कंदापासून चार झाडं झाली. त्या जानेवारीत सगळ्यात मोठं फूल साडेनऊ इंचांचं निघालं.

एक रोप जास्तीचं म्हणून सहा इंची कुंडीतच राहून गेलं होतं. त्याला फूल लहान आलं, पण मार्चमध्ये काढलं तर लिंबाएवढा, आटोपशीर, गच्च कंद. मोठ्या कुंडीतले गड्डे मोठे, पण त्यांच्या माना लांब आणि नाजूक, काढतानाच दोनचार मोडतात. माठात तो लहानगा सगळ्यांत चांगला राहिला. तेव्हापासून प्रत्येक जातीची दोन रोपं मी मुद्दाम सहा इंचीत ठेवते. ती फुलासाठी नाहीतच, वंशासाठी.

चौथ्या उन्हाळ्यात घुशीनं गोणपाट कुरतडून दोन कंद खाल्ले. तेव्हापासून तोंडाला लोखंडी जाळी तारेनं बांधते. त्याच वर्षी नोव्हेंबरात आठ रोपांपैकी एकाच्या पानांवर शिरांलगत पिवळे पट्टे दिसले, पानं चुरगळलेली. हा विषाणू, मावा ही कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, औषध नाही, आणि त्या झाडाच्या कंदातून, फाट्यातून तो पुढे जातच राहतो. जांभळ्याचं रोप होतं. दोन दिवस मी ते बाजूला ठेवून पाहिलं, मग मातीसकट काढून टाकलं. उरलेल्या सातांना त्याचा स्पर्श नको होता.

या जानेवारीत आत्या आठवडाभर आमच्याकडे राहायला आली. तिला सगळं मी तोपर्यंत सांगून टाकलं होतं, पहिल्या वर्षीच्या दोन गड्ड्यांसकट. ती काही बोलली नव्हती. रिक्षातून उतरली तेव्हा फाटकाशीच ११ इंचांचं फूल होतं, माझ्याकडचं आजवरचं सगळ्यात मोठं. तिनं काठी टेकत जवळ येऊन हाताच्या पंज्यानं ते खालून उचललं आणि वाकून मागच्या पाकळ्या पाहिल्या, देठाला टेकल्यात का ते. "भरलाय गं," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "आता ते झोपतं कुठे ते दाखव."

मी तिला हात धरून बोळात नेलं. माठ तेव्हा रिकामाच होता, पालथा घातलेला. तिनं तो सुलटा करायला लावला, आत हात घालून तळ चाचपला, मधली वाळू चिमटीत घेऊन पाहिली. "माझ्या पडवीखाली असंच गार लागायचं," ती म्हणाली, आणि बराच वेळ तिथेच स्टूल मागवून बसली.

जाताना तिनं फूल नेलं नाही, वाटेत कोमेजेल म्हणाली. ठाण्याच्या सज्जात सकाळचं ऊन दोन तास येतं. ऑक्टोबरात मुळं धरलेलं एक रोप आण, असं तिनं मला सांगून ठेवलंय.

काल गोणपाट उचलून सगळे कंद चाचपले. सात जांभळे, चार पिवळे. पिवळ्यातल्या एकाचं टोक मऊ लागलं, तेवढं टोक कापून गंधक लावलं आणि त्याला वेगळ्या मडक्यात ठेवलं. बाकी घट्ट आहेत. डोळे अजून हलले नाहीत, हलूही नयेत, पावसाला महिना आहे. पुढच्या आठवड्यात चार दिवस लग्नाला जायचंय, शेजारच्या मुलाला तांब्या दाखवून ठेवलाय. सकाळी एक, संध्याकाळी एक, वाळूत. माठात थेंबही नाही.